विषाचा प्रवास आणि आपली भाषा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गोंदियाहून बालाघाटला परतणाऱ्या बसमध्ये मी होते. अंतर फार नाही. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि मध्यप्रदेश सुरू होतो. दुकानांच्या पाट्या मराठीतून हिंदीत जातात, माणसे मात्र दोन्हीकडे तीच. वाटेत चहाच्या एका टपरीपाशी बस थांबली. शेजारी एक टँकर उभा होता. मागच्या तोटीतून थेंब थेंब काहीतरी गळत होते आणि खालच्या ओल्या मातीतून वाफ निघत होती. चालक टपरीवर चहा पीत होता. क्लीनर पायाने माती ओढून त्या जागेवर टाकत होता. आठ-दहा माणसे गोल करून बघत उभी होती, त्यांत शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलेही होती.

आमचा कंडक्टर मला म्हणाला, “मॅडम, आप तो कॉलेज में पढ़ाती हैं, ज़रा देखिए तो क्या लिखा है.”

मी पुढे होऊन पाहिले. टँकरच्या पाठीवर इंग्रजीत ‘कोरोसिव्ह’ असा शब्द होता आणि १८३० हा आकडा होता. शेजारी कोनावर उभ्या केलेल्या चौकोनात एक चित्र होते : दोन नळ्यांतून थेंब सांडत आहेत आणि त्याखाली एक हात आहे. शब्द मला वाचता आला, पण त्या माणसांना समजेल असा सांगता आला नाही. “कोई केमिकल है,” एवढेच मी म्हणाले. गर्दीतून कोणीतरी हसून म्हणाले, “केमिकल है, यह तो हमको भी मालूम है.” माणसे तिथेच उभी राहिली आणि बस सुटली.

तीस वर्षे साहित्य शिकवणाऱ्या, शब्दांवर पीएच.डी. मिळवलेल्या बाईला एका टँकरवरची चार अक्षरे लोकांपर्यंत पोचवता आली नाहीत, ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्यानंतर मी या विषयाचे नियम मिळवून वाचले, रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले. विषारी पदार्थांची सुरक्षित वाहतूक हा विषय अभियंत्यांचा आणि पोलिसांचा आहे असे आपण समजतो. वाचत गेले तसे मला वाटू लागले की त्याचा निम्मा भाग भाषेचा आहे. म्हणून तो या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडते आहे.

पाटी कशी वाचावी

आपल्या देशात धोकादायक मालाच्या रस्त्यावरील वाहतुकीचे नियम मुख्यतः केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. त्यांतील १२९ ते १३७ हे नियम याच विषयाचे आहेत. नियम १३४ प्रमाणे अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशी तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीची पाटी असावी लागते. त्या पाटीवर काय असावे हेही ठरलेले आहे. पदार्थाचे बरोबर तांत्रिक नाव, तेही किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणातला वर्गक्रमांक, किमान १०० मिलिमीटर उंचीच्या अंकांत. किमान २५० मिलिमीटरचे चौकोनी चित्रलेबल. शिवाय संकटसमयी कोणाला फोन करायचा आणि तज्ज्ञ सल्ला कोण देईल, त्यांची नावे व क्रमांक.

वर्ग नऊ आहेत. पहिला स्फोटकांचा. भरवेली आणि मलाजखंडच्या खाणींमुळे आमच्या जिल्ह्याला स्फोटकांची गाडी अपरिचित नाही. दुसरा वायूंचा, तिसरा पेट घेणाऱ्या द्रवांचा, चौथा पेट घेणाऱ्या घन पदार्थांचा, पाचवा दुसऱ्याच्या आगीला बळ देणाऱ्या ऑक्सिडीकारकांचा, सहावा विषांचा आणि रोगकारकांचा, सातवा किरणोत्सारी पदार्थांचा, आठवा कातडी आणि लोखंड खाणाऱ्या पदार्थांचा, नववा उरलेल्यांचा. ज्योत, कवटी आणि हाडे, नळीतून सांडणारे थेंब ही चित्रे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावीत म्हणून आहेत.

चार आकडी क्रमांक हा त्या पदार्थाचा जगभर चालणारा क्रमांक. पेट्रोलचा १२०३, अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७, तीव्र गंधकाम्लाचा १८३०. मी पाहिलेला टँकर गंधकाम्लाचा, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचा होता. क्रमांकासोबत पुष्कळदा एक छोटा कोडही असतो. त्यातला आकडा अग्निशमन दलाला पाणी, फेस की कोरडी पूड वापरायची ते सांगतो आणि अक्षरे जवानांनी कोणती काळजी घ्यायची ते. पेट्रोलचा कोड ‘३ वाय ई’ आहे : फेस वापरा, सांडलेले वाहू देऊ नका आणि, शेवटच्या ‘ई’मुळे, आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा.

इतकी नेटकी लिपी आपल्या रस्त्यावरून रोज धावते. ती कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही.

कागद कोणासाठी?

पाटी बाहेरच्यांसाठी, तसा चालकासाठी कागद असतो. माल पाठवणाऱ्याने पदार्थाची पुरी माहिती वाहतूकदाराला द्यायची, वाहतूकदाराने ती चालकाला समजली आहे याची खात्री करायची आणि चालकाने ती लेखी स्वरूपात, ‘ट्रेम कार्ड’ म्हणून, केबिनमध्ये हाताशी ठेवायची, असा क्रम नियमांत आहे. गाडी उभी करायची ती आग आणि इतर धोक्यांपासून दूर, आणि कोणा जाणत्याच्या नजरेखाली. अपघात झाला तर चालकाने लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवायचे.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम नववा आहे. १९९३ च्या दुरुस्तीने आलेला हा नियम म्हणतो की धोकादायक मालाच्या वाहनचालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, आणि त्याने तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, हिंदी आहे. म्हणजे मराठीत शिकलेल्या चालकाला कायद्याने जागा दिली आहे. पण कार्ड फक्त इंग्रजीत असेल आणि चालकाचे इंग्रजी पाट्यांपुरते असेल, तर नियम कागदावर पाळला जातो आणि कागद केबिनमध्ये गप्प राहतो.

घातक कचऱ्याच्या बाबतीत नियम एक पाऊल पुढे आहे. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार कचऱ्याच्या पिंपावरचे लेबल झगझगीत पिवळ्या पार्श्वभूमीवर असावे, आणि ‘घातक कचरा’ व ‘सांभाळून हाताळा’ हे शब्द हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लाल अक्षरांत असावेत. या कचऱ्याच्या प्रवासाची सात रंगांच्या सात प्रतींत नोंद होते, म्हणजे निघालेला माल वाटेत ‘हरवू’ नये. पण ‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणती? गोंदियात मराठी, बालाघाटात हिंदी, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गावांत पोवारी, बैहरकडे गोंडी. दोन तासांच्या प्रवासात गाडी चार भाषांतून जाते आणि तिच्यावरचे लेबल मात्र एकदाच चिकटवलेले असते.

‘संक्षारक’ म्हणून भागत नाही

यावर पहिला उपाय सुचतो तो भाषांतराचा. मीही तो करून पाहिला. ‘कोरोसिव्ह’साठी ‘संक्षारक’ हा शब्द हिंदीत आणि मराठीतही चालतो. दुसऱ्या दिवशी एम.ए.च्या वर्गात मी तो फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. वर्गात शांतता पसरली. एका मुलाने ‘संस्कार’शी काही नाते असावे असा अंदाज केला. मग मी ‘तेजाब’ लिहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एक मुलगी सहज म्हणाली, “म्हणजे अंगावर पडलं तर जळतं.” इंग्रजी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द ठेवल्याने लिपी बदलते, समज बदलेलच असे नाही. धोक्याच्या सूचनेत शब्द शुद्ध आहे की नाही यापेक्षा ऐकणाऱ्याचा पाय मागे सरतो की नाही हे आधी पाहायला हवे.

याची दुसरी बाजूही आहे. काही शब्द इतके ओळखीचे असतात की ते धोका झाकून टाकतात. आमच्याकडे धानावर फवारायच्या कीटकनाशकाला मराठीत ‘औषध’ म्हणतात आणि हिंदीत ‘दवाई’. ‘औषध मारायला गेलाय’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. औषध म्हटले की ते घरात, फळीवर, मुलांच्या हाताशी ठेवायला मन कचरत नाही. बसमध्ये पिशवीत तांदूळ आणि त्यावरच ‘औषधाची’ बाटली ठेवून जाणारी माणसे मी किती वेळा पाहिली आहेत! कीटकनाशक खाद्यवस्तूंना लागेल अशा रीतीने नेऊ वा साठवू नये, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट आहे. त्याच नियमांनी डब्यावर रंगीत चौकोन घातला : खालचा अर्धा भाग लाल असेल तर अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. माहिती हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत छापावी असेही त्यांत आहे. ती छापली जाते, पण इतक्या बारीक अक्षरांत की शेतावर वाचायला भिंग लागावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हातमोजे, मुखपट्टी, मिश्रणे यांची खूप चर्चा झाली. ‘औषध’ या शब्दाची चर्चा झालेली माझ्या वाचनात नाही.

भोपाळने शिकवलेले

मध्यप्रदेशात हा विषय भोपाळला टाळून बोलता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायुरूपाने शहरावर पसरले. हजारो माणसे गेली आणि लाखोंचे आयुष्य बाधित झाले. यंत्रणा बंद होत्या, देखभाल ढासळली होती, ही कारणे सर्वांना माहीत आहेत. त्या दुर्घटनेच्या अभ्यासांत आणखी एक मुद्दा येतो, तो भाषेचा : कामगारांना इंग्रजी पुस्तिकांवरून काम करावे लागे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे इंग्रजी जेमतेम होते.

कारखान्याबाहेर परिस्थिती याहून वाईट होती. आत काय साठवले आहे हे भिंतीला लागून राहणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. हा वायू हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड, म्हणून तो जमिनीलगत पसरतो. अशा वेळी ओला कपडा तोंडावर धरावा, वाऱ्याच्या दिशेने पळत सुटू नये, ही दोन वाक्ये त्या वस्त्यांना आधी माहीत असती तर काही जीव नक्की वाचले असते. हमीदिया रुग्णालयात रात्रभर रुग्णांचे लोंढे येत होते आणि डॉक्टरांना बाधा नेमकी कशाची हेच धड सांगितले जात नव्हते.

इशारा देणारे कोणी नव्हते असे मात्र नाही. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनची गळती होऊन एक कामगार दगावला. त्यानंतर राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ या हिंदी साप्ताहिकातून शहराला पुन्हा पुन्हा सावध केले. कंपनीचे अहवाल इंग्रजीत होते. केसवानींनी त्यांतले समजून घेतले आणि शहराच्या भाषेत लिहिले. लेखकाचे काम काय असते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही, हा दोष लिहिणाऱ्याचा नव्हे.

भोपाळ ते पीथमपूर

त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पुढे चाळीस वर्षे तिथेच पडून राहिला. त्यात १६२ टन दूषित माती, ९२ टन सेव्हिन व नॅप्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेले कीटकनाशक आणि २९ टन रिॲक्टरमधील अवशेष होते. ३ डिसेंबर २०२४ रोजी मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने तो चार आठवड्यांत हलवण्याचा आदेश दिला. त्यानंतर जे झाले त्याकडे वाहतुकीचा नमुना म्हणून पाहता येते. संरक्षक पोशाख घातलेल्या सुमारे १०० कामगारांनी अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्यांत कचरा भरला, म्हणजे कोणाही एकाचा विषाशी संपर्क फार वेळ राहू नये. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंदिस्त कंटेनर निघाले. रस्ता मोकळा ठेवला होता, सोबत पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल होते. सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे ताफा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचला. वाटेत काही सांडले नाही.

आणि तरीही ३ जानेवारीला पीथमपूर बंद राहिले, लोक रस्त्यावर आले आणि दोन माणसांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. विष व्यवस्थित पोचले होते, त्याची माहिती पोचलेली नव्हती. कचरा जाळल्यावर धुरातून काय जाईल, राख कुठे पुरतील, तारापुऱ्याच्या विहिरींचे काय, इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागराचे काय, हे प्रश्न अडाण्यांचे नव्हते. भोपाळनंतर कोणत्याही शहाण्या माणसाने विचारावेत असेच ते होते. त्यांची उत्तरे कंटेनरच्या आधी पोचायला हवी होती. ६ जानेवारीला न्यायालयाने शासनाला सहा आठवड्यांचा अवधी दिला. तो काळ मुख्यतः लोकांचा विश्वास मिळवण्यासाठी मागितलेला होता. मग फेब्रुवारीअखेरपासून १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या, तासाला अनुक्रमे १३५, १८० आणि २७० किलो या वेगाने. उरलेला कचरा मे आणि जून २०२५ मध्ये जाळण्यात आला. राखेविषयीचे प्रश्न त्यानंतरही विचारले गेले, आणि ते विचारले जायलाच हवेत.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मला एकच गोष्ट दिसते. १९८४ मध्ये पदार्थ सांभाळला गेला नाही आणि माहितीही दिली गेली नाही. २०२५ मध्ये पदार्थ सांभाळला गेला, माहिती मात्र उशिरा निघाली. विष जिथे जिथे जाते तिथे त्याची ओळख त्याच्या आधी, निदान त्याच्या बरोबर, आणि तिथल्या माणसांच्या बोलीत पोचली तरच त्या प्रवासाला सुरक्षित म्हणता येईल.

आपण काय करू शकतो

लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांना झडपा दुरुस्त करता येत नाहीत, पण त्यांच्या हातात काही कामे नक्की आहेत.

पहिले, पाटी शिकवणे. भाषेच्या तासाला आपण जाहिरात, बातमी, अर्ज शिकवतोच. त्यात एक तास टँकरच्या पाटीला द्यावा. नऊ चित्रे आणि चार-पाच क्रमांक आठवीच्या मुलांनाही सहज येतात. सोबत ही वाक्ये त्यांच्याकडून पाठ करून घ्यावीत : गळणाऱ्या गाडीजवळ जायचे नाही, वाऱ्याच्या पाठीकडून, लांब आणि उंच जागी जायचे, काडी ओढायची नाही, सांडलेले गोळा करायला जायचे नाही, दुरून क्रमांक वाचून ११२ ला कळवायचा, अंगावर ॲसिड उडाले तर निदान पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाणी ओतत राहायचे आणि दवाखाना गाठायचा. सांडलेले गोळा करण्याचा मोह किती महाग पडतो हे जून २०१७ मध्ये पाकिस्तानातील बहावलपूरजवळ दिसले. उलटलेल्या टँकरचे पेट्रोल भरून घ्यायला जमलेल्या गर्दीत आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली.

दुसरे, शब्द गोळा करणे. धोक्यासाठी, जळण्यासाठी, गुदमरण्यासाठी, विषासाठी आपल्या मराठीत, पोवारीत, गोंडीत लोक खरोखर कोणते शब्द वापरतात, याची एक छोटी यादी जिल्ह्याजिल्ह्यांतून करता येईल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी याहून उपयोगी विषय कोणता? ती यादी प्रशासनाला, शाळांना, कारखान्यांना देता येईल.

तिसरे, लिहिताना एक कसोटी लावणे. सूचना लिहून झाली की ती गावातल्या एखाद्याला वाचून दाखवावी आणि ‘कळलं का?’ असे न विचारता ‘आता तू काय करशील?’ असे विचारावे. उत्तर बरोबर आले तरच ती सूचना मराठीत आहे असे समजावे.

या वर्षी मी माझ्या वर्गाकडून हेच करून घेतले. मुलांनी गंधकाम्लाच्या टँकरसाठी मराठी पाटी लिहिली. पहिल्या मसुद्यात ‘संक्षारक द्रव, सावधान’ असे होते. चार वेळा खोडून शेवटी उरले ते असे : ‘यात तेजाब आहे. अंगाला लागले तर जळते. गळताना दिसले तर लांब व्हा, हात लावू नका, ११२ ला फोन करा.’ एका मुलाने तीच पाटी पोवारीत केली आणि घरी आजीला वाचून दाखवली. काय करशील, असे विचारल्यावर आजी म्हणाली, आधी पोरांना हाक मारीन आणि घरात घेईन. पाटीवर मुलांचा उल्लेख नव्हता. आम्ही तो घातला : ‘मुलांना आधी दूर न्या.’

त्या दिवशी टपरीपाशी मला एवढेच सांगायचे होते.